वाफेतलं मौन

फार फार वर्षांपूर्वी, जिथे अर्धं वर्ष बर्फच असतं अशा उत्तरेच्या टोकाला एक चिमुकलं राज्य होतं. शेजारी एक बलाढ्य राज्य. दोन्हींच्या मध्ये एक मोठं तळं, आणि चिमुकल्या राज्याचं पोट त्या तळ्यातल्या माशांवर भरे.

मासे कोणी धरायचे, हे दरसाल नव्याने ठरे. तेही दरबारात नाही, तर शेजारच्या राजाच्या न्हाणघरात! तापल्या दगडांवर पाणी ओतायचं आणि वाफेत यजमानाशेजारी बसायचं. दगड गार होईपर्यंत पाहुण्याने बोलायचं नाही, हा तिथला रिवाज.

तिथे बोलणी करायला जाणारा चिमुकल्या राज्याचा वकील मूळचा कोळी. आधी गावचा पंच झाला, मग राजसभेत आला, मग वकील. दरसाल जाई, घाम गाळत गप्प बसे आणि तळं राखून येई.

त्याच्याच बरोबर राजसभेत आलेला एक मंत्री होता. वकिलाला मानाची शाल मिळाली की याच्या पोटात दुखे. जेवण गोड लागेना, झोप लागेना. शेवटी तो राजाला म्हणाला, "महाराज, हा तिथे नुसता बसतो! मी चार शब्द बोललो तर दुप्पट मासे आणीन."

राजा भुलला. मंत्री निघाला, तेव्हा वकील वेशीपर्यंत पोचवायला आला. म्हणाला, "मंत्रीजी, एवढं ऐका. दगड गार होईपर्यंत तोंड उघडू नका."

'लबाड! माझं नाव होऊ नये म्हणून सांगतोय,' मंत्र्याने मनात म्हटलं.

वाफ उठताच त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "आमच्या वकिलाला काय कळतं? कोठारं रिकामी पडलीत, हे तळं नाही मिळालं तर आम्ही उपाशी मरू, एवढंही त्याने तुम्हाला कधी सांगितलं नसेल!"

वकिलाने ते खरंच कधी सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती या शहाण्याने उघडली. शेजारचा राजा हसला आणि त्याने अर्धं तळं काढून घेतलं.

त्या हिवाळ्यात घरोघरी लोक अर्धपोटी निजले, मंत्र्याची मुलंसुद्धा. तो वकिलाच्या दारी येऊन रडला. "तुम्ही सांगितलं होतंत हो!"

वकील म्हणाला, "सांगितलं होतं. पण तुम्हाला माझी शालच दिसत होती, शब्द ऐकूच आले नाहीत."

तात्पर्य : मत्सराने भरलेल्या कानाला हिताचा शब्दही कपटच वाटतो.