सासूच्या हातचं कुंकू

बोरजाईच्या रायाजीराव इनामदारांना पन्नाशीत दुसऱ्या लग्नाची हौस आली आणि त्यांनी आपल्या पागेवरच्या धोंडजी जाधवाची लेक येसू मागितली. धोंडजी भीतीनं हो म्हणाला, येसू मात्र साफ नाही म्हणाली. इनामदारांनी तिला चावडीवर उभं केलं.

"आईबापाचा शब्द मोडणाऱ्याला या गावात थारा नाही!" ते गरजले. "मग तो कुणीही असो. लिहून घ्या!"

कारकुनानं लिहिलं, पंचांनी अंगठे उठवले. धोंडजीनं लेकीपुढे हात जोडले. "पोरी, कबूल हो. नाहीतर आत्ताच वेशीबाहेर काढतील तुला."

येसूनं बापाचे हात खाली केले. "कबूल, आबा. पण सासूनं कुंकू लावल्याशिवाय आपल्यात सोयरीक ठरत नाही. आईसाहेबांना बोलवा."

आईसाहेब म्हणजे इनामदारांची आई. थोरली सून घरात नांदत असताना लेकानं दुसरं लग्न करायचं नाही, असं आईसाहेबांनी भर देवळात बजावलं होतं.

"त्यांना काय विचारायचं?" इनामदार खेकसले. "लग्न मी करतोय!"

"आईचा शब्द मोडून?" येसू कारकुनाकडे वळली. "काका, मघाचा निवाडा पुन्हा वाचा. मी बापाचं ऐकलं. आता वेशीबाहेर कुणी जायचं?"

कारकुनानं घसा खाकरला. पहिली ओळ संपायच्या आत इनामदारांनी कागद हिसकावून टराटरा फाडला.

"चला आबा," येसू म्हणाली, "घोड्यांना पाणी दाखवायची वेळ झाली."