छातीवरची वाळू

“म्हणजे पाच वाजेपर्यंत मी त्याची वाट बघत इथं बसू?”

कासमचाचांनी वर पाहिलं नाही. ते चेन पुसत होते.

“अडीचची बोट समोर उभी आहे, चाचा. पुढची एकदम पाचला. तुम्हीच सांगा, बसू?”

“बसायचं तर बस. बाकडं रिकामं आहे.”

तो काही बसला नाही.

त्याचं नाव हेरंब. गोव्याच्या हद्दीजवळच्या रेडीहून सायकलवर निघाला होता, समुद्राच्या कडेकडेनं, घरी वसईला. चौथा दिवस होता. बरोबर त्याचा दोस्त होता, इनास. तो मागं घाटीत राहिला होता. चेनमध्ये वाळू जाऊन करकर आवाज येत होता म्हणून हेरंब आमच्याकडं थांबला. एरवी तो थांबणाऱ्यातला नव्हता.

आमच्याकडं म्हणजे खाडीच्या धक्क्यावर, पिराच्या निशाणाखाली. कासमचाचा तिथं सायकली दुरुस्त करायचे. लोक सायकल घेऊन यायचे, आणि सायकल नसली तरी यायचे. मी पंक्चर काढायला शिकायचं म्हणून गेलो, आणि मग राहिलोच.

हेरंब धक्क्याच्या टोकाला गेला. बोट बघितली. घड्याळ बघितलं. परत आला. चांगला टणक टायर उगाच दाबून बघितला. पुन्हा टोकाला गेला, पुन्हा आला.

“झालं का?”

“वाळू आहे बाबा. निघेल तेव्हा निघेल.”

“दरवर्षी हे असंच, चाचा. बारा वर्षं आम्ही दोघं जातोय. सकाळी हा बरा असतो. दुपार झाली की संपला. आज घाटी मी एका दमात चढलो. एका दमात! वरून खाली बघतो तर हा सायकल हातात धरून चालतोय.”

चाचा जुन्या दातांच्या ब्रशनं चेनची एकेक कडी घासत होते.

“आता मी ठरवलंय. पुढच्या वर्षापासून तुझा रस्ता वेगळा, माझा वेगळा.”

“त्याला सांगितलंस?”

“सांगायचं काय त्यात... तो इथं पोचेल, मी नसेन. कळेल त्याला.”

चाचांनी ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवला. बराच वेळ तसाच धरून ठेवला.

“तुम्ही म्हातारे माणूस,” हेरंब म्हणाला. आता तो जरा हळू बोलला. “पुष्कळ माणसं पाहिलीत तुम्ही. ज्याच्या पायांत दम नाही त्याच्याबरोबर दुसऱ्यानं किती वर्षं जायचं?”

चाचांनी ब्रश झटकला.

मला वाटलं, ऐकलंच नाही त्यांनी. पण ते तसे नव्हते.

“सकाळी कुठून आलात?”

“वाळूवरून. ओहोटी होती ना. सात-आठ किलोमीटर नुसता किनारा, फरशीसारखी घट्ट वाळू. काय मजा आली! मी तर गात होतो.”

“गात होतास?”

“मोठमोठ्यानं. अंगात इतका दम होता.”

“वारा?”

“वारा कुठला? आज वाराच नव्हता.”

चाचांनी पिराच्या निशाणाकडं पाहिलं. मीही पाहिलं. उत्तरेचा वारा सकाळपासून सुटला होता. निशाण काठीला सोडून ताठ उभं राहिलं होतं, फडफडत, ज्या बाजूनं हे दोघं आले त्या बाजूला टोक करून.

“इथं असेल,” हेरंब म्हणाला. “तिकडं नव्हता.”

“असेल... पाठ कर बघू जरा.”

“काय?”

“पाठ कर.”

हेरंबानं घड्याळ बघितलं आणि पाठ केली. पांढऱ्या सदऱ्यावर कमरेपासून मानेपर्यंत काळ्या वाळूची वाळलेली रेघ होती.

“ही रेघ कसली?”

“माझंच मागचं चाक, दुसरं काय! ओली वाळू उडते. मडगार्ड नाहीत ना. वजन नको म्हणून दोघांच्याही सायकलींचे मीच काढून टाकले.”

“हां. आता इकडं फिर.”

तो फिरला.

चाचांनी काळं बोट त्याच्या पोटावर टेकवलं आणि वर वर नेलं, गळ्यापर्यंत. छातीवरही तशीच रेघ होती. पाठीवरच्यापेक्षा दाट.

“आणि ही कुणाच्या चाकाची?”

हेरंब हसला. वाकून रेघेकडं बघितलं.

...

मग हसणं थांबलं.

बोटीचा भोंगा वाजला.

“चेन झाली,” चाचा म्हणाले. “जा तू.”

त्यानं सायकल घेतली. जवळजवळ पळतच गेला. बोटीच्या फळीवर पुढचं चाक चढवलं आणि तसाच उभा राहिला. मागं एक रिक्षा येऊन अडकली. रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला.

बोटीवरचा खलाशी ओरडला, “ओ साहेब, येताय की टाटा करायला आलात?”

हेरंब घाटीच्या रस्त्याकडं बघत होता. रस्त्यावर कुणी नव्हतं. त्यानं पाय फळीवर ठेवला. काढला. पुन्हा ठेवला.

“अहो, चढा नाहीतर सरका!”

तो सरका म्हटल्यावर सरकला. रिक्षा चढली, फळी वर गेली, बोट निघाली.

परत येऊन तो बाकड्यावर बसला. बसला म्हणजे काय, नुसता टेकला. एक पाय सारखा हलत होता. सदऱ्यावरची वाळू झाडायला त्यानं हात वर नेला, आणि मग हात तसाच खाली घेतला.

 चाचा दुसऱ्या कुणाच्या सायकलचं पायडल खोलत बसले.

पाऊण तासानं इनास आला. जाडसर माणूस, टक्कल पडलेलं. डोळे लाल झाले होते, भुवया मिठानं पांढऱ्या. सदरा घामानं भिजला होता, पण छातीवर वाळूचा एक कण नव्हता.

“अरे! तू अजून इथं?” इनास म्हणाला. “मला वाटलं, पलीकडं मासे हाणून घोरायलासुद्धा लागला असशील.”

“बोट चुकली,” हेरंब म्हणाला.

मी चाचांकडं बघितलं. चाचा पायडलकडं बघत होते.

“माझ्यामुळं चुकली असणार.” इनासनं माठातलं पाणी घेतलं, प्यायला, उरलेलं डोक्यावर ओतलं. “म्हातारा झालो मी, हेऱ्या. पुढच्या साली कुणीतरी जवान माणूस बघ तू.”

हे तो हसतच म्हणाला. पण म्हणताना तोंड खाडीकडं होतं.

हेरंब उठला. त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. इनासच्या कोऱ्या छातीकडं बघत राहिला.

“असा काय बघतोस? भूत बघितल्यासारखा.”

“सकाळी वाळूवर... मला पुढं ये म्हणून का नाही सांगितलंस?”

“कशाला?”

“वारा होता.”

“होता की! डोळे उघडवत नव्हते मेल्याच्यानं.”

“मग?”

इनासनं तोंड पुसलं. जरा ओशाळला.

“तू गात होतास ना मागं,” तो म्हणाला. “तुटक तुटक ऐकू येत होतं. बरं वाटत होतं. पुढं आला असतास तर बंद झालं असतं.”

...

खाडीत पाणी भरायला लागलं होतं. पाच वाजायला पुष्कळ वेळ होता. हेरंबानं पुन्हा घड्याळ बघितलं, पण वेळ वाचली असं वाटलं नाही.

“इनास.”

“काय?”

“उद्या तू गा.”

“मी?” इनास इतका मोठ्यानं हसला की निशाणाच्या काठीवरचा कावळा उडाला. “मला कुठं येतंय गायला! तूच सांग ह्यांना.”

हेरंब चाचांकडं वळला.

“खरं आहे, चाचा. ह्याला गाता येत नाही. बारा वर्षं बरोबर जातोय आम्ही, एकदासुद्धा गाताना ऐकलं नाही मी ह्याला.”

चाचांनी हातातलं पायडल खाली ठेवलं. चिंधीला हात पुसले, एकेक बोट करून. वर निशाणाकडं पाहिलं.

“बारा वर्षं...” ते म्हणाले. “पुढं कोण होतं?”