कोरायचा राहून गेलेला शब्द

फार फार पूर्वी, गाढवं बोलत आणि माणसं ते ऐकूनही घेत, तेव्हाची गोष्ट. एक म्हातारा पाथरवट आपल्या गाढवासोबत गावोगाव हिंडून दमला होता. त्याला आता एवढंच हवं होतं, की चार हात जागा स्वतःची असावी आणि पुन्हा बोचकं बांधावं लागू नये.

एका गावच्या पाटलाने त्याला नदीकाठी धर्मशाळा बांधायला सांगितली. "काम झालं की मागची चिंचेखालची जागा तुझी," पाटील म्हणाला. दोघांनी सुपारी फोडली, अर्धी अर्धी खाल्ली. झाला करार!

"धनी, हे दगडावर कोरून घ्या," गाढव म्हणालं.

"गप रे. पाटलाचा शब्द आहे."

धर्मशाळा उभी राहिली. "आणि ओटा?" पाटलाने विचारलं. "तो तर बोलण्यातच होता की!" पाथरवटाला काही आठवेना, पण त्याने ओटा बांधला. मग घोड्यांची पागा निघाली. मग नदीचा घाट. दर वेळी पाटील तेच म्हणायचा, आणि गंमत म्हणजे तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं आठवायचं.

असे चार पावसाळे गेले. शेवटी पाथरवटाने दारावर शिळा बसवली. तिच्यावर पाटलाचं नाव कोरलं, त्याच्या वडिलांचं कोरलं, लाडक्या घोडीचंसुद्धा कोरलं. मग छिन्नी खाली ठेवून तो म्हणाला, "पाटील, आता माझी जागा?"

"कसली जागा? काम चालू आहे तोवर चिंचेखाली राहा, एवढंच म्हणालो होतो मी. तिथे माझ्या लेकीचं घर व्हायचंय."

गाढव पुढे झालं. त्याने घडलं ते खडान्‌खडा सांगितलं.

पाटील हसला. "याचाच चारा खाणारा तू, आणि तू साक्षीदार?"

म्हाताऱ्याने बोचकं बांधलं. वाटेत गाढवाने एकदाही 'मी सांगितलं नव्हतं?' असं म्हटलं नाही. तेही दमलं होतं.

पुढच्या गावात लोकांनी सुपारी पुढे केली. त्याने ती खाल्ली आणि एक चौकोनी दगड पुढ्यात ओढला. "हं, आता बोला. सावकाश बोला, मी कोरतोय."

"आमच्यावर विश्वास नाही का, बाबा?"

"तुमच्यावर आहे. चार पावसाळ्यांनंतरच्या आठवणीवर नाही. तुमच्याही आणि माझ्याही."

तात्पर्य: पायाचा दगड बसवण्याआधी ठरलेला शब्द कोरून घ्यावा, नुसतं बोललेलं ज्याला त्याला आपल्या सोयीनंच आठवतं.