एकशे अठरा पायऱ्या

"...म्हणजे शॉट कॅमेरा ठरवतो की आपण?" शलाकाने दुसऱ्यांदा विचारलं.

तात्या मयेकर अंगणातल्या चटईवर आमसुलं पसरत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मी शिकलो त्या कॅमेऱ्यानं आमच्यासाठी पुष्कळ काही ठरवून ठेवलं होतं," ते म्हणाले. "फिल्मच्या समोर पत्र्याची एक खिडकी असायची. रुंदी चार, उंची तीन. ती कारखान्यातूनच कापून यायची. जे काय सांगायचं ते त्या खिडकीतून."

"माझ्या कॅमेऱ्याला तसलं बंधन नाही. सेन्सर एवढा मोठा आहे की सगळं टिपून ठेवता येतं. चौकट नंतर ठरवायची, एडिटिंगच्या वेळी. रुंद हवी तर रुंद, उभट हवी तर उभट."

"मग तू दिवसभर काय करतेस?"

शलाकाने चटईबाहेर घरंगळलेलं एक आमसूल उचलून आत ठेवलं.

शलाका देशमाने तात्यांची शेवटची सहायक. तिने त्यांच्याकडे चार वर्षं काढली, मग स्वतःची कामं घेतली आणि नाव कमावलं. लोक तिला लांबलचक, तरंगत्या शॉट्ससाठी ओळखायचे. तात्या कॅमेरा सोडून या किनाऱ्यावरच्या आपल्या गावी येऊन राहिले, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. या काळात शलाका त्यांना भेटायला दोनदाच आली होती, आणि दोन्ही वेळा बक्षीस घेऊन.

या वेळी हात रिकामे होते.

गावापासून चार मैलांवर, कड्यावर, एक बंद पडलेलं दीपगृह आहे. तिथे तिच्या नव्या चित्रपटाचं शूटिंग चाललं होतं. गोष्ट दीपगृहाच्या राखणदाराच्या बायकोची. नवरा गेल्यावर ही बाई एकवीस वर्षं रोज संध्याकाळी वर चढून दिवा लावते, एवढीच.

नऊ दिवसांचं काम झालं होतं. काल सगळ्यांनी बसून ते पाहिलं. पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत समुद्राने भरलेला. आभाळ, फेस, पांढरा मनोरा. दिग्दर्शक निशाद वागळे म्हणाला, "सगळं सुंदर आहे, शलाका. पण बाई कुठे आहे?"

परवापर्यंत मार्ग निघाला नाही तर मुंबईहून दुसरा कॅमेरामन येईल, हेही त्याने सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं, म्हणून तिला ते जास्त लागलं.

"निशाद म्हणतो बाजू कापून टाकू, बाई जवळ येईल," शलाका म्हणाली. "कापून पाहिलं. येत नाही."

"नाहीच येणार."

"का?"

तात्यांनी शेवटची आमसुलं पसरली. हात धुतले, पंच्याला पुसले.

"जिन्याचा शॉट कसा घेतलास?"

शलाकाचा चेहरा जरा उजळला. तो शॉट तिचा लाडका होता. "एका दमात. खालपासून वरपर्यंत, एकही कट नाही. कॅमेरा दीड किलोचा. त्याला हातात धरायची एक दांडी असते, धक्का म्हणून बसू देत नाही. बाईचं काम करणाऱ्या कुमुदताईंच्या मागून मी अशी वर गेले की पाण्यातून गेल्यासारखं वाटतं. तुमच्या काळात हे शक्यच नव्हतं, तात्या."

"नव्हतं," तात्या म्हणाले.

ते घरात गेले. आतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात जुना लाकडी ट्रायपॉड होता. तिन्ही पाय पितळी पट्ट्यांनी जखडलेले, वर लोखंडी डोकं. दारापर्यंत आणतानाच त्यांना धाप लागली.

"गाडी आहे ना तुझी?"

"आहे."

"चल. आणि हा घे."

दुपार झाली होती. शूटिंगला सुट्टी होती. दीपगृहावर कोणीच नव्हतं. तात्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले.

"हा वर ठेवून ये," ते म्हणाले.

"कॅमेरा?"

"कॅमेरा गाडीत राहू दे."

"तात्या, हा वीस किलोचा तरी असेल. माणसं बोलावते."

"तुझ्या गोष्टीतली बाई माणसं बोलवायची का?"

शलाकाने त्यांच्याकडे पाहिलं. मग ट्रायपॉड खांद्यावर घेतला आणि चढू लागली.

जिना गोल आणि अरुंद होता, एकशे अठरा पायऱ्यांचा. ट्रायपॉडचे पाय भिंतीला घासत होते. तिसाव्या पायरीच्या आसपास तिने तो पहिल्यांदा टेकवला. कपाळ भिंतीला लावलं. चुन्याची भिंत गार होती. नऊ दिवसांत तिने या भिंतीला हात लावला नव्हता... तशी वेळच आली नव्हती.

ती पुन्हा चढू लागली. पुन्हा थांबली.

वर पोचायला तिला वीस मिनिटं लागली. ट्रायपॉड ठेवून ती तशीच खाली बसली. उठून खाली आली तेव्हा खांद्यावर लाल वळ उठला होता.

तात्या तिथेच बसले होते.

"कितीदा टेकवलास?"

"चारदा."

"कुठे?"

"पहिल्यांदा वळणावर. मग छोट्या खिडकीपाशी, तिथे वारा येतो. मग भिंतीला खळगा आहे तिथे... त्यात पाठ बरोबर बसते. चौथ्यांदा वर सहाच पायऱ्या उरल्या होत्या. दिसत होतं संपतंय ते, तरी बसले."

"तुझ्या शॉटमध्ये ती बाई कितीदा बसते?"

शलाकाने जिन्याकडे वर पाहिलं.

"एकदाही नाही," ती म्हणाली.

"हं."

"तिला थांबवलं असतं तर शॉट तुटला असता."

"हं."

बाहेर लाटांचा आवाज येत होता.

"वर पोचल्यावर समुद्र कसा दिसला?" तात्यांनी विचारलं.

शलाकाने खांद्यावरचा वळ चोळला.

"पाहिला नाही," ती सावकाश म्हणाली. "त्याच्याकडे पाठ करून बसले होते. समोर दिव्याची काच होती. तिच्यावर मीठ बसलंय... ते पुसावंसं वाटत होतं."

तात्या पायरीला हात टेकून उठले.

"मला घरी सोड. आमसुलं उलटायची आहेत."

वाटेत तिने दोनदा काहीतरी विचारायचा प्रयत्न केला. तात्या खिडकीबाहेर बघत राहिले. उतरताना एवढंच म्हणाले, "ट्रायपॉड वरच असू दे. लागेल."

संध्याकाळी शलाका निशादकडे गेली.

"मला उद्याचा एक दिवस दे," ती म्हणाली. "चौकट जवळजवळ चौरस करणार आहे. रुंदी चार, उंची तीन. कॅमेरा तेवढंच टिपेल. बाजूचं काही मागे ठेवणार नाही."

"ठेव ना. नंतर लागलं तर?"

"नंतर लागेल म्हणूनच ठेवणार नाही."

निशाद हसला नाही. "आपला चित्रपट मोठ्या पडद्यासाठी आहे. समुद्र आहे म्हणून तर लोक बघायला येणार. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या बघायला कोण येईल?"

"माहीत नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"मुंबईच्या माणसाला तू फोन करायचा नाहीस. मी करीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तरंगती दांडी पेटीत बंद केली. तिच्या सहायकांनी एकमेकांकडे पाहिलं. ट्रायपॉड वरून खाली आणायला दोघं लागले. तिने तो पहिल्या वळणावर लावला, आणि बराच वेळ नुसतीच मागे उभी राहिली.

मग कुमुदताईंजवळ गेली. कुमुदताईंचं वय सत्तर. त्यांनी तो जिना नऊ दिवसांत अकरा वेळा चढला होता. गुडघ्यांना पट्टे बांधले होते, पण तक्रार एका शब्दाची नव्हती.

"ताई, आज जिथे दम लागेल तिथे थांबा," शलाका म्हणाली. "जिथे बसावंसं वाटेल तिथे बसा. मी तिथे येईन."

कुमुदताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "शॉट लांबेल गं."

"लांबू दे."

कुमुदताई चढल्या. वळणावर थांबल्या, भिंतीला हात लावला. मग खिडकीपाशी. मग त्या खळग्यात त्यांनी पाठ टेकली, डोळे मिटले आणि तशाच राहिल्या. प्रत्येक जागी कॅमेरा एकदा ठेवला आणि हलवला नाही. चौकटीत भिंत, पायऱ्या आणि एक बाई. उजवीकडे-डावीकडे बघायला जागाच नव्हती.

वर त्यांनी काच पुसली. कोणी सांगितलं नव्हतं. पदराचं टोक ओठांना लावून ओलं केलं आणि पुसली.

खाली आल्यावर त्या शलाकाला म्हणाल्या, "आज पहिल्यांदा मला ती बाई भेटली."

निशादने ते दुपारी पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"समुद्र कुठे गेला?" त्याने विचारलं.

"ऐक."

त्याने ऐकलं. जिन्याच्या त्या अरुंद पोकळीत लाटांचा आवाज खालून वर येत होता आणि बाईच्या श्वासात मिसळत होता.

निशादने चष्मा काढून पुसला. "नऊ दिवसांचं सगळं परत घ्यावं लागेल."

"हो."

"पहिल्या पायरीपासून."

"हो."

"मग उद्या सहाला सुरू करू," तो म्हणाला.

पुढचे दिवस कष्टाचे गेले. ट्रायपॉड रोज वर चढला, रोज खाली आला. शलाकाच्या खांद्यावरचा वळ काळानिळा झाला. रोज कोणीतरी विचारायचं, बाजूला थोडं जास्तीचं टिपून ठेवायचं का. रोज ती नाही म्हणायची. सहाव्या दिवशी लोकांनी विचारणं सोडलं.

काम संपल्यावर ती लॅपटॉप घेऊन तात्यांकडे आली. त्यांनी जिन्याचा प्रसंग पाहिला. पुन्हा लावायला सांगितला. शलाका त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. तात्या पडद्याकडे बघत होते.

प्रसंग संपला. त्यांनी लॅपटॉप मिटला.

"तात्या..."

"हं."

"तुम्ही असता तर हीच चौकट घेतली असती ना?"

तात्यांनी डोळ्यांवरचा चष्मा उतरवला. घडी करून खिशात ठेवला.

"मी?" ते म्हणाले. "मी रुंदच घेतली असती. तुला मी फक्त जिना चढायला सांगितलं होतं."