मोरखारच्या चर्चला दार का नाही

मोरखारच्या चर्चला चौकट आहे, उंबरा आहे, दगडात बसवलेल्या लोखंडी बिजागऱ्याही आहेत. दार मात्र नाही. वसईकडून खाडीकाठानं येणारे पाहुणे पायऱ्या चढून आले की आधी तिथंच थबकतात. कुणी विचारतं, वाळवीनं खाल्लं का? कुणी म्हणतं, वादळात गेलं असेल. निवृत्त शिक्षक इनासमास्तर रुमाव त्यांना पायरीवर बसवून घेतात आणि सांगतात, वाळवी नाही आणि वादळही नाही. दार होतं, चांगलं सागवानी होतं, आणि ते एका बाईनं रागानं काढायला लावलं.

ती बाई म्हणजे कातरीन सुईण. प्लेगचं साल होतं, असं सांगतात. कातरीन तेव्हा साठीला आलेली. गावातल्या निम्म्याहून अधिक माणसांची नाळ तिनंच कापलेली, त्यामुळे तिला कुणाची भीड नव्हती. तोंड फटकळ, पण बोलावलं की भरल्या ताटावरून उठून जाणारी.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता मुंबईत माणसं पटापट मरू लागली. जो तो वाट फुटेल तिकडे पळत होता. मोरखारच्या लोकांनी चर्चसमोर बैठक घेऊन ठरवलं की मुंबईहून आलेल्या कुणालाही गावात थारा द्यायचा नाही. जोकीम मुकादमानं हा ठराव मांडला. त्याच वर्षी त्यानं चर्चला नवं दार दिलं होतं. सांतान सुतारानं ते चार महिने खपून कोरलं होतं. एका फळीवर दिवस भरलेली, आसरा शोधत गाढवावरून निघालेली मरिया आणि लगाम धरून चालणारा जोसेफ, दुसऱ्या फळीवर तारा आणि बाळ येशूची गव्हाण. दार बघायला लोक शेजारच्या गावांतून येत. नाताळ जवळ आला तशा घरोघरी बांबूच्या कामट्यांच्या आणि पतंगाच्या कागदाच्या चांदण्या लागल्या. म्हणे, खाडीच्या पलीकडूनसुद्धा त्या दिसत.

नाताळच्या दोन दिवस आधी कातरीन पलीकडच्या गावी एका अडलेल्या बाळंतिणीकडे गेली. त्याच दुपारी होडीतून एक बाई मोरखारला उतरली. दिवस भरलेले, एकटी, हातात एक बोचकं. नवरा मुंबईत प्लेगनं मेला होता. होडीवाल्यानं तिला सांगितलं, गावात कातरीन नावाची सुईण आहे, तिचं घर विचार. तिनं विचारलं. घर सापडलं. ओट्यावर कातरीनचा मुलगा बस्त्याव बसला होता. बाई मुंबईची आहे एवढं कळल्यावर तो उठला, ‘आई घरात नाही’ म्हणाला आणि आत जाऊन त्यानं कडी लावली.

त्यानंतर ती आणखी दहा घरी गेली. कुणी लांबूनच हातानं वाटेला लावलं, कुणी भाकरी ओट्याच्या कडेला ठेवून दार ओढून घेतलं. शेवटी ती चर्चपाशी आली. मुकादमानं चर्चला कुलूप घातलं होतं आणि किल्ली कमरेला लावली होती. फादर चार गावांचे एकटेच. ते दुसऱ्या दिवशी येणार होते.

चोवीस तारखेला सकाळी कातरीन मिठागराच्या बांधावरून घराकडे येत होती. पलीकडची बाळंतीण सुखरूप सुटली होती, पदरात तिथल्या लोकांनी दिलेला गूळ होता. चर्चच्या पायरीवर तिला कपड्यांचा ढीग दिसला. ढिगातून रडणं आलं तशी ती धावली.

मूल जन्मून दोन तास तरी झाले असतील. मुलगी होती. आईनं दातांनी नाळ तोडून तिला लुगड्याच्या अर्ध्या तुकड्यात गुंडाळलं होतं. स्वतः ती बंद दाराला पाठ टेकून बसली होती आणि तिच्याखालच्या दोन पायऱ्या लाल झाल्या होत्या. कातरीननं ठाऊक होतं ते सगळं केलं. पोट चोळलं, पाय उंच केले, आपलं लुगडं फाडून बोळे भरले. पण उशीर झाला होता, हे तिच्या हातांना आधीच कळलं होतं.

“कातरीन तूच का?” बाईनं विचारलं.

“मीच.”

“तुझ्या घरी गेले होते पहिल्यांदा.”

एवढंच ती बोलली, असं सांगतात. ऊन पायरीवर यायच्या आत तिनं प्राण सोडला. कातरीननं तिच्या काखा पाहिल्या, जांघा पाहिल्या. कुठंही गाठ नव्हती. अंगात तापाची खूण नव्हती. तिला प्लेग नव्हता. ती दाराबाहेर राहिली म्हणून मेली.

कातरीन मूल घेऊन घरी गेली. तिच्या सुनेचं, पाशकीनचं, अंगावरचं पोर सहा महिन्यांचं होतं. कातरीननं मुलगी तिच्या मांडीवर ठेवली. पाशकीननं काही न विचारता तिला छातीशी घेतलं. बस्त्याव खाली मान घालून उभा होता. कोपऱ्यातली कुऱ्हाड कातरीननं उचलली आणि ती परत निघाली. ती बाई कुणाकुणाच्या दारी गेली आणि कुणी काय केलं, ते वाटेत पोरांनी तिला सांगितलं. राग असा होता की तिला पायाखालची वाट दिसत नव्हती. बस्त्याववरचा राग, गावावरचा राग, आणि आपण वाढवलेल्या पोरानं हे केलं म्हणून स्वतःवरचा राग.

पहिला घाव दाराच्या कडीवर बसला, दुसरा फळीत रुतला. आवाजानं गाव गोळा झालं. मुकादम धावत आला.

“मावशी, वेड लागलं का? देवाचं दार आहे ते.”

“देवाचं असतं तर उघडं असतं,” कातरीन म्हणाली. “हे तुझं दार आहे. किल्ली तुझ्या कमरेला आहे.”

“गावानं ठरवलं होतं. आणि ती बाई आपल्यातली नव्हती. कोण, कुठली, कुणाला माहीत.”

“मरिया तरी मोरखारची होती का?”

कातरीननं गावाकडे तोंड फिरवलं. त्यानंतर ती जे बोलली ते मोरखारात अजून शब्दाला शब्द सांगतात.

“नाव कुणी विचारलं तिचं?” ती म्हणाली. माणसं आपसात विचारू लागली. “अकरा घरी गेली आणि एकालाही तिचं नाव ठाऊक नाही. आता क्रुसावर काय लिहू? पहिलं घर माझं. माझ्या बस्त्यावनं कडी लावली, त्याला मी जन्म दिला, म्हणून ते पाप आधी माझं. दुसरं घर मोतेसचं. तिसरं लुझीचं.” अशी तिनं अकराही घरं एकेक करून घेतली. माणसं समोरच उभी होती. “चांदण्या कशाला लावल्यात रे? तारा वाट दाखवायला असतो. ती वाट बघत बघतच आली. आणि इथवर आणून तुम्ही तिला काय दाखवलंत? हे.” तिनं दारावर थाप मारली. थाप पडली ती नेमकी गव्हाणीच्या चित्रावर. “चार महिने खपून हे कोरलंत. रोज बघत होतात. आणि ती खरी दारात आली तेव्हा ओळखली नाहीत.”

तिनं पुन्हा कुऱ्हाड उगारली. तेवढ्यात सांतान सुतार पुढे आला आणि त्यानं तिचा हात धरला. लोकांना वाटलं, आपलं काम वाचवायला आला.

“असं निघायचं नाही ते, मावशी,” तो म्हणाला. “आधी बिजागऱ्यांचे खिळे काढावे लागतात.”

तो घरून हत्यारं घेऊन आला आणि त्यानं स्वतःच्या हातानं दोन्ही फळ्या उतरवल्या. कुणी अडवलं नाही. मुकादमानं किल्ली पायरीवर ठेवली आणि तो बाजूला झाला.

दुपारी फादर आले. त्यांनी उघडी चौकट पाहिली, झाकलेलं प्रेत पाहिलं आणि काय झालं ते विचारलं. मुकादम सांगू लागला तर त्याला थांबवून म्हणाले, हिला सांगू दे. कातरीननं सांगितलं. ऐकून त्यांनी प्रेतावर क्रुसाची खूण केली. मग म्हणाले, आधी हिला माती देऊ, नाताळची मिस्सा नंतर. ती ख्रिस्ती होती की नव्हती हे त्यांनी विचारलं नाही. गावच्या दफनभूमीत तिला जागा दिली. क्रुसावर नाव नाही, नुसता एक तारा कोरलेला आहे. तो सांताननं कोरला.

संध्याकाळी काही बायका घरच्या चांदण्या उतरवू लागल्या. लाजेनं असेल. कातरीननं त्यांना थांबवलं. म्हणाली, “राहू द्या. पण ज्याच्या घरावर तारा असेल त्यानं आल्या माणसाला आत घ्यायचं. जमत नसेल त्यानं लावू नये.” उतरवलेल्या फळ्यांची सांताननं त्याच दिवशी गव्हाण केली. एका बाजूला कुऱ्हाडीचा घाव होता, तो त्यानं रंधा मारून काढला नाही.

चर्चला नवं दार बसवायची भाषा पुढे दोन-तीनदा झाली म्हणे. प्रत्येक वेळी बायकांनी ती हाणून पाडली. गुरं शिरतात, कुत्री येऊन निजतात. निजू देत, असं त्या म्हणतात. ती मुलगी कातरीनच्याच घरी वाढली, तिचं नाव नातालीन ठेवलं. बस्त्यावनं तिला जन्मभर जपलं, पण कातरीन मुलाशी पुढे कधी पूर्वीसारखी बोलली नाही, असंही सांगतात.

आजही मोरखारात नाताळच्या आदल्या दिवशी, ऊन उतरलं की सारं गाव चर्चच्या अंगणात जमतं. बायकांनी निवडलेली एक म्हातारी बाई त्या उघड्या चौकटीत उभी राहते. फादर खाली लोकांत उभे राहतात. मग ती गावाला बोलते. याला ‘कातरीनची बोलणी’ म्हणतात. वर्षभरात कुणाच्या दारात कोण आलं आणि त्याला कुणी परत पाठवलं, हे नाव घेऊन सांगायचं, आणि सुरुवात आपल्या घरापासून करायची. समोरच्यानं उलट बोलायचं नाही. बोलणी संपल्याशिवाय सांतानच्या गव्हाणीत बाळ येशूची मूर्ती ठेवत नाहीत.

शहरातून आलेले पाहुणे हसून विचारतात, “हल्लीच्या दिवसांत कुणाचं नाव घेणार?”

इनासमास्तर चष्मा पुसतात.

“गेल्या वर्षी तिसरं नाव माझं होतं,” ते सांगतात. “बिहारहून आलेला एक मजूर, क्षयाचा औषधोपचार चालू, बरोबर बायको. भाड्यानं जागा आहे का विचारत होता. मी नाही म्हणालो. खोली रिकामीच होती.”