मिटलेल्या शिंपल्या

फार मागे खाडीकाठच्या एका गावात शिंपल्या भाजून चुना करीत आणि त्यानेच घरं रंगवीत. रीत एवढीच होती की भट्टीत उघडी, रिकामी शिंपली घालायची. मिटलेल्या शिंपलीत जीव असतो, ती पाण्यात परत सोडायची.

लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं. "कोण निवडत बसतंय!" म्हणत हिरूबायने सगळी पाटी भट्टीत ओतली.

घर पांढरंशुभ्र झालं. पण भरती चढली तसं भिंतींना पाणी सुटलं. तिने बोट लावून चाखलं, तर खारट.

"कोण गो?" तिने दबकत विचारलं.

"आम्ही, बाय," भिंत म्हणाली. "दार मिटून आत बसलो होतो. तू साधी हाकसुद्धा मारली नाहीस."

हिरूबाय दाराकडे धावली. दार घट्ट मिटलं होतं, आणि विझलेल्या चुलीने आपोआप जाळ धरला होता.