पाहुण्याच्या पानातलं माडगं

एक होतं माळावरचं गाव. त्या गावात दुपारी जेवायची वेळ झाली की घरोघरची दारं आतून लागायची. तुम्ही म्हणाल, चोरांची भीती असेल. छे हो! चोर तिथं येऊन बिचारा नेणार काय? दोन वर्षं पाऊस नीट पडला नव्हता. घराघरात शिजायच्या त्या ज्वारी भरडून केलेल्या कण्या, नाहीतर हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. आपलं ताट शेजाऱ्याला दिसू नये, म्हणून कड्या लागायच्या. बाकीच्यांचं बरं चाललंय, आपलेच तेवढे हाल, असं ज्याला त्याला वाटायचं.

त्या गावात येसूआक्का नावाची एक बाई राहायची. तिच्या हाताला अशी चव की गावात कुणी मोठा पाहुणा आला, की चुलीपुढं तिलाच बसवायचे. पण तिला एक खोड होती. मनात प्रश्न आला, की उत्तर मिळेपर्यंत तिला चैन पडायची नाही. "आक्काला नसत्या चौकशा फार!" असं म्हणून लोक हसायचे.

त्या साली तिच्या मनात एक प्रश्न घर करून बसला. राजा दुष्काळी गावांना दर पौर्णिमेला धान्याच्या गाड्या धाडायचा. त्या गाड्या या गावाच्या वेशीवरून जायच्या, पण आत एकही वळायची नाही. का बरं? कुणी म्हणे नशीब, कुणी म्हणे ग्रह. आक्काला ते काही पटेना. तिच्या घरात सून ओली बाळंतीण होती. माडग्यावर दिवस काढून सुनेच्या अंगावरचं दूध आटत चाललं होतं, आणि दीड महिन्याचं तान्हं रडून रडून लाल व्हायचं.

एका पौर्णिमेला ती सरळ जाऊन गाडीच्या वाटेत उभी राहिली. "दादा, आमच्या गावानं काय पाप केलंय? आम्हाला धान्य का नाही?"

गाडीवान हसला. "थट्टा करता काय, आक्का? पाहणीला येतात ना ते कारभारी, ते दरबारात सांगत होते, मी या कानांनी ऐकलं. म्हणे, त्या माळावरच्या गावाला कसली ददात? मी तिथं पुरणपोळी खाल्ली, तूप कोपरापर्यंत ओघळलं!"

ती पुरणपोळी आक्कानंच तर लाटली होती! गावची रीतच तशी होती. कारभारी यायचा झाला, की कुणी मूठभर गहू, कुणी पसाभर हरभऱ्याची डाळ, कुणी गुळाचा खडा आणून द्यायचं. वाटीभर तूप तर अख्ख्या गावातून गोळा व्हायचं. कारभारी जेवून ढेकर देऊन जायचा, आणि त्यापायी पुढचे आठ दिवस गाव अर्धपोटी राहायचं.

आक्का तडक पाटलांकडे गेली. गाडीवान काय म्हणाला ते सगळं तिनं सांगितलं. "पाटील, परवा कारभारी येतायत. या खेपेला आपण खातो तेच त्यांना वाढू या."

पाटील उसळलेच. "वेड लागलंय का तुला? राजाच्या माणसाला माडगं वाढायचं? गावाची अब्रू वेशीला टांगायची? आणि तो चिडला, अपमान केला म्हणाला, तर मला बेड्या पडतील! ते काही नाही. पुरण घाल मुकाट्यानं."

आक्का मुकाट्यानं घरी आली. मनातनं तीही घाबरली होती. पाटील म्हणाले ते काही अगदीच खोटं नव्हतं. पण आत तान्हं रडत होतं, आणि सून त्याला उगीच थोपटत होती.

तिसऱ्या दिवशी देवळाच्या ओवरीत गहू, डाळ, गूळ, तूप सगळं येऊन पडलं. आक्कानं ते पाटीखाली झाकून ठेवलं. चूल पेटवलीच नाही. जेवायच्या वेळेला ती परातीत वाट्या मांडून निघाली आणि एकेक कडी वाजवू लागली. "तुमच्याकडं आज जे शिजलंय, त्यातलं पळीभर द्या. कारभाऱ्यांच्या पानासाठी."

लोक ओशाळले. पण पाहुण्याच्या पानाला नाही कोण म्हणणार? सुताराकडे माडगं निघालं. कुंभाराकडे कण्या. ज्यांचं बरं चाललंय असं आक्काला वाटायचं, त्या वाण्याकडेही कण्याच! शेवटी तिनं पाटलांची कडी वाजवली. पाटील वेशीवर कारभाऱ्यांच्या स्वागताला गेले होते. पाटलीणबाईंनी पळीभर माडगं घातलं, ते पाण्यासारखं पातळ होतं. "आक्का, कुणाला सांगू नका हो," एवढंच त्या म्हणाल्या.

कारभारी आले. चांगले गोल पोटाचे, हसरे गृहस्थ. सकाळपासून घोड्यावर, त्यामुळं सपाटून भूक लागलेली. "काय बेत आहे, आक्का?" म्हणत पाटावर बसले. आक्कानं पान वाढलं. पाटलांनी पान पाहिलं मात्र, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

कारभारी पानाकडं बघतच राहिले. "हे काय?"

"माडगं."

"आणि पलीकडचं?"

"तेही माडगंच. ते दाट आहे ना, ते सुताराकडचं. हे पातळ पाटलांकडचं."

कारभाऱ्यांनी एकदा पाटलांकडं बघितलं, एकदा आक्काकडं. मग खाली मान घालून जेवू लागले. भूकच तशी होती. कण्या संपल्या, माडगं संपलं, बोटंही चाटून झाली. "चव आहे हो! वाढा आणखी."

आक्का जागची हलली नाही. "आणखी नसतं, कारभारी."

"नसतं म्हणजे? संपलं?"

"संपलं नाही. एका माणसाच्या वाट्याला येतं ते एवढंच. आम्ही रोज एवढ्यावरच उठतो."

"आणि मग उरलेल्या भुकेचं काय करता?"

"पाणी पितो," आक्का म्हणाली, आणि तिनं तांब्या पुढं केला.

कारभाऱ्यांनी तांब्या तोंडाला लावला तो रिकामा होईपर्यंत. तेव्हा पाटील पुढं आले. "खरं आहे कारभारी. मागचं पुरण गावानं पोटाला चिमटा काढून घातलं होतं. आमच्या घरात मात्र ते कुणी चाखलंही नाही."

कारभारी उठून घोड्यावर बसले. पाटलांनी पाटीखालचं सामान ज्याचं त्याला वाटून दिलं, आणि सगळ्यांना विचारून तुपाची वाटी आक्काच्या सुनेकडं धाडली.

राजधानी तिथून दोन प्रहरांच्या वाटेवर होती. कारभारी दरबारात पोचले तेव्हा त्यांच्या पोटात भुकेनं आग पडली होती. राजानं विचारलं, "काय म्हणतंय माळावरचं गाव?"

"महाराज," कारभारी म्हणाले, "आज मी पहिल्यांदा त्या गावच्या ताटातलं जेवलो, आणि उपाशीच आलोय."

पुढच्या पौर्णिमेला गाड्या गावात वळल्या.

तात्पर्य: पाहुण्याला आपल्याच ताटातलं वाढावं. उसनं पुरण खाऊन गेलेल्याला आपली भूक कळायची कशी?